बंद तोंडाची भांडी

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत भट्टीवर होते. वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं ही त्यांची नोकरी. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या अंगाला जळक्या वाळूचा वास यायचा, आणि अंघोळ झाल्याशिवाय आई त्यांच्या हातात चहा द्यायची नाही. मी त्यांची एकुलती एक मुलगी. आम्ही मूळचे कोडोलीकडचे. आजीच्या वेळी धर्म बदलला, वडिलांच्या वेळी गाव सुटलं आणि माझ्या वेळी शिक्षण आलं, असा घराचा सगळा इतिहास आई एका दमात सांगायची. त्या हिशेबानं पुढची पायरी म्हणजे मी बँकेत नाहीतर शाळेत चिकटणं. मी चित्रकलेच्या कॉलेजात गेले, तिथून सिरॅमिक शिकायला दुसऱ्या राज्यात गेले, आणि परत आले ती मातीची भांडी करायची असं ठरवूनच.

हे मी जेवताना सांगितलं. वडील जेवत राहिले. आईनं ताट पुढं सरकवलं.

"गावातनं बाहेर पडायला आमच्या पिढ्या गेल्या," ती म्हणाली. "आणि तू शिकून सवरून गाडगी करणार व्हय?"

मी तिला सांगायला लागले की ही गाडगी नव्हेत, हे शिल्प असतं, भांड्याच्या आकारातलं शिल्प. बोलता बोलताच मला कळलं की हे वाक्य आमच्या स्वयंपाकघरात चालणारं नाही. आई उठली आणि तिनं भांडी घासायला घेतली.

पुढच्या रविवारी वडील मला स्कूटरवरून कळंब्याला घेऊन गेले. तिथं त्यांनी घरासाठी म्हणून एक तुकडा घेऊन ठेवला होता. तेव्हा आजूबाजूला ऊस होता आणि लांबवर तुरुंगाची भिंत दिसायची. घर नंतर बघू, म्हणाले, आधी तुझं काय ते उभं करू. पत्र्याची शेड झाली. भट्टीसाठी त्यांनी फाउंड्रीतून निकामी ठरलेल्या विटा मागून आणल्या. त्या विटा भाजून भाजून तपकिरी पडल्या होत्या, काहींना लोखंडाचे थेंब चिकटलेले होते. ते आम्ही छिन्नीनं काढले. माझ्या वडिलांनी बोललेली वाक्यं मला फार आठवत नाहीत, पण ती छिन्नी धरलेली त्यांची मूठ आठवते. निवृत्त झाल्यावर ते रोज माझ्याबरोबर शेडवर यायला लागले. भट्टी पेटली की निळ्या काचेचा जुना चष्मा लावून भोकातून आत बघत बसायचे. घरी त्यांना मी असं रमलेलं कधी बघितलं नव्हतं.

सुरुवातीला मी सगळे करतात तेच केलं. कॉफीचे मग, वाडगे, फुलदाण्या. प्रदर्शनं भरायची, ओळखीचे लोक यायचे, वाडगा उलटा करून बघायचे आणि मायक्रोवेव्हला चालतो का म्हणून विचारायचे. हे असंच चालणार असं मी धरून चालले होते. मग एका पावसाळी दुपारी चाकावर एक मोठं भांडं ओढत असताना माती ऐकेना. हवेत ओल होती, काहीच वाळत नव्हतं, आणि वर खांद्यापाशी भांड्याची भिंत आतल्या बाजूला झुकायला लागली. एरवी मी ती सावरली असती. त्या दिवशी कंटाळले होते म्हणा, मी तिला जाऊ दिलं. तोंड बारीक होत गेलं आणि शेवटी मिटलं. चाक थांबवून मी हात लावला तर ते भांडं दाबलं जाईना. आत कोंडलेल्या हवेनं ते आतून धरून ठेवलं होतं. मी तळव्यानं एका बाजूला रेटलं की दुसरी बाजू फुगायची, एखादं जनावर कूस बदलतं तशी. मी संध्याकाळपर्यंत त्याच्यापाशी होते. आयुष्यात मला सापडलेली एवढी एकच गोष्ट, आणि ती मी शोधायला गेले नव्हते.

आतली हवा बाहेर पडायला वाट नसेल तर असं भांडं भट्टीत फुटतं. म्हणून बुडाला सुईएवढं भोक ठेवायचं. तेवढं सोडलं तर ते सगळीकडून बंद. वडिलांनी पहिलं भाजून निघालेलं भांडं हातात घेतलं, चारी बाजूंनी फिरवलं आणि यात ठेवायचं काय, म्हणून विचारलं. काही नाही, म्हटलं. ते बरं म्हणाले आणि त्यावरून हात फिरवत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. खोकला बऱ्याच वर्षांचा होता. फाउंड्रीतल्या लोकांना तो असतोच, असं सगळे म्हणत होते, जणू त्यानं काही कमी होणार होतं.

त्यानंतर वर्षभरानं मुंबईतल्या एका गॅलरीच्या बाई आल्या. कोल्हापुरात त्या दुसऱ्याच कामाला आल्या होत्या. माझ्या एका जुन्या सरांनी त्यांना माझी शेड दाखवायला आणलं. आई त्या दिवशी डबा घेऊन आली होती. तिनं पावणं च्या घेणार का म्हणून विचारलं, स्टोव्हवर चहा केला आणि तीही खुर्ची ओढून बसली. बाई बोलायला चांगल्या होत्या. माझ्या भांड्यांभोवती त्या हळूहळू फिरल्या, एकाला गाल लावून बघितला. मग आमच्या घराबद्दल विचारायला लागल्या. मी थोडक्यात सांगितलं. आई मात्र त्या दिवशी मोकळी झाली. तिच्या आईबद्दल बोलली. आजी दुसऱ्याच्या रानात भांगलायला जायची. तिथं तहान लागली तर आमच्या बायकांना ओंजळ धरावी लागायची, वरून कुणीतरी ओतायचं. बाकीच्या बायका तसं प्यायच्या. आजी प्यायची नाही. ती घरनं तांब्या भरून न्यायची, तोंडाला फडकं बांधून. तो संपला की संध्याकाळी घरी येईपर्यंत तशीच राहायची, पण ओंजळ तिनं धरली नाही. हे सांगताना आईच्या आवाजात चढ होता. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आले होते आणि मला ती कधी दुःखाची वाटलीच नव्हती. ती आमच्या घरची मिजास होती.

बाईंनी प्रदर्शन ठरवलं. माझी पंधरा-वीस भांडी गवतात बांधून टेम्पोनं मुंबईला गेली. प्रदर्शनाचं पुस्तक छापलं. त्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की ज्या घरातल्या बायकांनी पिढ्यानपिढ्या ओंजळी पुढं करून पाणी मागितलं, त्या घरातली ही मुलगी आज तोंड नसलेली भांडी घडवते, ही तहानेची भांडी आहेत.

मी लगेच फोन केला. आजीनं ओंजळ धरली नव्हती, हे तुम्हाला आईनं सांगितलं होतं, आणि भांड्यांचा त्याच्याशी काही संबंधच नाही, पावसात माती झुकली म्हणून ती झाली, असं सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. छापून झालंय, म्हणाल्या. आणि मग अगदी मायेनं म्हणाल्या, "लोकांना आत यायला कुठंतरी दार लागतं गं. नुसत्या आकारापाशी कोण थांबतंय?"

प्रदर्शन चांगलं झालं. सगळी भांडी विकली गेली. मराठी पेपरात माझा फोटो आला, खाली तहानेची भांडी हेच शब्द. आईनं तो पेपर चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"माझ्या आईनं वंजळ धरली न्हाय कधी," ती म्हणाली. "तुझ्यासमोर सांगितलं हुतं मी त्या बाईला."

सांगितलं होतंस, म्हटलं. मी फोन केला होता, हेही सांगितलं.

"मग ही कुणाची आई हाय, यात लिवलेली?"

आईनं पेपर घडी करून माळ्यावर टाकला. त्यानंतर बरीच वर्षं ती शेडवर आली नाही. डबा माझा मीच न्यायचे.

ती वर्षं बाहेरून बघणाऱ्याला माझी भरभराटीची वर्षं. भांडी दिल्लीला गेली, बंगळूरला गेली. एकदा परदेशातल्या एका संग्रहालयानं मला बोलावलं. विमानात मी पहिल्यांदा बसले ती माझ्या एका भांड्यामागं. तिथं ते काचेच्या पेटीत ठेवलेलं होतं, खाली पट्टी, पट्टीवर तीच ओंजळ. एक म्हातारी परदेशी बाई माझ्यापाशी आली, तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि तिचे डोळे भरून आले. ती ज्या आजीसाठी रडत होती, तशी आजी कधी नव्हतीच. माझं इंग्रजी तोडकं. ती गोष्ट उलगडून सांगण्याएवढं तर नव्हतंच. मी मान हलवत उभी राहिले. त्या हॉलमध्ये इतका प्रकाश आणि इतकी शांतता होती, आणि मला आमच्या कळंब्याच्या शेडमधला पत्र्यावर कावळे चालल्याचा आवाज आठवत होता.

परत आल्यावर माझ्या मनानं घेतलं की आता तोंडं उघडायची. बंद भांडी मला येत होती, डोळे मिटून येत होती. मला आता रुंद, पसरट, आकाशाकडं तोंड केलेली मोठी भांडी करायची होती, ज्यांची कड पानासारखी पातळ होत जाईल. हे अवघड काम. एवढी मोठी कड भट्टीत खचते, वाकते, चिरते. मी पुन्हा विद्यार्थी झाले. पुष्कळ फोडली. शेडच्या मागं खापरांचा ढीग साठला आणि त्यावर घाणेरीची झुडपं उगवली. पण त्यातून काही भांडी अशी निघाली की सकाळी शेडचं दार उघडल्यावर मी आधी त्यांच्याकडं बघायचे आणि मग दिवस सुरू करायचे. मला वाटतं, मी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते.

मुंबईच्या बाई बघायला आल्या. फार वेळ बघत होत्या. सुंदर आहेत, म्हणाल्या, फार सुंदर आहेत. शब्द निवडत होत्या ते मला दिसत होतं.

"पण हे कुणीही केलं असतं," त्या म्हणाल्या. "ती भांडी फक्त तूच करू शकत होतीस."

त्यांनी तरी प्रदर्शन केलं, आतल्या छोट्या खोलीत. येणारे लोक विचारायचे, ती बंदवाली नाहीत का? बरीचशी भांडी त्याच गवतात परत आली. बाई वाईट नव्हत्या. त्यांचे फोन आधी महिन्यानं यायचे, मग दिवाळीला यायला लागले, मग दिवाळीलाही आले नाहीत. भांडण झालं नाही, कुणी कुणाला तोडून बोललं नाही. भांडण झालं असतं तर धरायला काहीतरी राहिलं असतं.

इथं कोल्हापुरात माझं एकच मोठं भांडं होतं. एका नव्या हॉटेलच्या मालकांनी ते चांगल्या दिवसांत मागून नेलं होतं आणि दारातून आत गेल्यावर समोरच ठेवलं होतं. मी केलेल्या बंद भांड्यांतलं ते सगळ्यात उंच, माझ्या खांद्याला लागेल एवढं. राखी रंगाचं, एका बाजूला जळकट तांबडी छटा, जिथं ज्योत लागली होती. स्टेशनकडं काही काम निघालं की मी तिथं चहाला जायचे. चहा महाग होता आणि चांगलाही नव्हता, पण खुर्चीत बसलं की ते समोर दिसायचं.

बाईंचे फोन थांबल्यानंतरच्या वर्षी एकदा अशीच गेले तर भांडं सोनेरी झालेलं. ऑइलपेंटचा सोनेरी. आणि त्याच्या डोक्यावर प्लॅस्टिकची मोठी मोठी फुलं. मला आधी वाटलं फुलं वर चिकटवलीत. जवळ गेले तर दिसलं, वरचा भाग फरशी कापायच्या कटरनं कापून काढला होता. बंद भांड्याला त्यांनी तोंड केलं होतं.

मॅनेजर नवा होता. मी निरखून बघतेय म्हणून काउंटरमागून आला, कौतुकानं.

"भारी दिसतंय न्हवं मॅडम? आधी निस्तं दगडासारखं हुतं. त्याला तोंडच न्हवतं. लोक विचारायची, हे काय हाय म्हणून. आता बघा कसं कामाला आलं."

हे मी केलंय, असं मी त्याला सांगितलं. त्याला आधी ते कळलंच नाही. मी पुन्हा सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. तो मनापासून ओशाळला होता. त्यानं वेटरला हाक मारून चहा सांगितला, खुर्ची दिली. मालक बदलले, आम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणाला. नाव तरी लिहायचं की त्यावर. नाव बुडाला होतं. ते त्यानं कसं बघायचं?

मी फुलं काढून बाजूला ठेवली. कापलेली कड धारदार होती. मी आत वाकून बघितलं. तो क्षण मनात कुठं ठेवायचा ते मला अजून कळलेलं नाही. आतून भिंतीवर खालपासून वरपर्यंत माझ्या बोटांचे वळसे होते. ओढताना आतल्या हाताची बोटं वर वर जातात त्याचे. भांडं मिटवताना मी समजून चालले होते की हे आता कुणालाच, अगदी मलाही, परत दिसणार नाहीत. त्यावर उजेड पडला होता आणि तळाशी एक चॉकलेटचा कागद होता. मी हात घालून पाहिला, तळापर्यंत पोचला नाही.

चहा मी प्यायले. तो बिचारा समोर उभा होता, नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. रंग काढून देऊ का, म्हणून विचारत होता. नको, म्हटलं. फुलं मी परत त्यात ठेवली आणि घरी आले. आईला काहीच सांगितलं नाही.

हात त्याच सुमाराला धरायला लागले. सकाळी उठल्यावर बोटं मिटायची नाहीत. मी म्हटलं, थंडी. मग उन्हाळ्यातही तसंच व्हायला लागलं. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांचे सांधे सुजले, मग मनगट, मग डावा हात. चाकावर माती मध्यावर आणायला सगळा जोर तळव्याच्या खालच्या भागात लागतो. तिथंच कळ यायची. मी माती लहान घ्यायला लागले. मोठं भांडं दोन तुकड्यांत, मग तीन तुकड्यांत. डॉक्टर बाईंनी रक्त तपासलं आणि आमवात आहे, म्हणून सांगितलं. हा बरा होत नाही, याला सांभाळून राहायचं असतं. काय काम करता, असं त्यांनी विचारलं. मी सांगितल्यावर त्या लिहायच्या थांबल्या. बसून करायचं दुसरं काही आहे का, म्हणाल्या. हे काम मी बसूनच करते, असं मी म्हटलं.

घरी आल्यावर आईला हे सांगावंच लागलं. ती माझे हात घेऊन बघत बसली, एकेक सांधा दाबून. तिचे हात त्या वयातही सरळ होते. दुसऱ्या दिवशी मी शेडवर निघाले तेव्हा ती लुगडं बदलून दारात उभी होती. "मी बी येतो," म्हणाली. आमच्याकडच्या जुन्या बायका असंच बोलतात, येतो, जातो, करतो.

इतक्या वर्षांनी ती आली तेव्हा कळंबा ओळखू येत नव्हता. उसाच्या जागी इमारती. शेडमध्ये ती सगळीकडं फिरली. मागचा खापरांचा ढीग बघितला. रुंद तोंडाची, परत आलेली भांडी फळीवर होती, त्यांच्यावर बोट फिरवून धूळ बघितली. मग खुर्चीत बसून म्हणाली, "एवढा जलम भांडी केलीस, पण घरात पाण्याला एक केलं न्हाईस. मला एक रांजण कर."

मी तिला हात दाखवले.

"मी हाय की," ती म्हणाली.

चाकावर ते होणं शक्य नव्हतं. मातीच्या लांब वळ्या करून एकावर एक चढवत भांडं उभं करतात, तसं करायचं ठरवलं. वळ्या करायला माझी बोटं चालत नव्हती, तर आईनं केल्या. पाटावर माती घेऊन ती दोन्ही तळव्यांनी वळायची, सगळ्या एकसारख्या. मी त्या रचायचे आणि मनगटानं, कोपरानं, लाकडी चमच्यानं जुळवायचे. रोज थोडंच व्हायचं. काम करताना ती बोलायची. फाउंड्रीत वडिलांचा पाय भाजला होता ते, माझ्या जन्माच्या वेळचं, आजीचं. पेपरातल्या त्या गोष्टीबद्दल तिनं एकही शब्द काढला नाही आणि मीही काढला नाही. माझ्या कामाच्या सगळ्या वर्षांत सुखाचे दिवस कुठले असं कुणी विचारलं तर मी तेच सांगीन, आणि तेव्हा माझे दोन्ही हात निकामी झालेले होते.

रांजण झाला. कंबरेएवढा, पोटाला फुगीर, तोंड चांगलं रुंद. भट्टीत ठेवायला चार माणसं बोलवावी लागली. मी त्याला माझ्या नेहमीच्या आचेवर भाजलं. दुसरं मला येतही नव्हतं. त्या भाजणीत भट्टीची कमान वरून तडकली. वडिलांनी बांधलेली, इतकी वर्षं उभी होती. रांजण मात्र अखंड निघाला, आतून हिरवट पांढरा, बाहेरून मातकट. टेम्पोनं घरी आणला. आईनं तिवईवर ठेवायला लावला, धुतला, भरला, वर झाकणी ठेवली. चैत्र होता. दुपारी तिनं वाटी बुडवून पाणी घेतलं आणि एक घोट घेऊन थांबली.

"गार न्हाय हुईत की गं हे," ती म्हणाली.

ते होणारच नव्हतं. साधा कच्चा भाजलेला माठ पाझरतो म्हणून त्यातलं पाणी गार होतं. माझी माती एवढ्या आचेवर भाजली की काचेसारखी होते, तिच्यातून थेंबही बाहेर येत नाही. हे मला सिरॅमिकच्या पहिल्याच तासाला शिकवलं होतं. रांजण करताना एकदाही माझ्या मनात आलं नाही. आम्ही दोघी मिळून एवढे दिवस खपलो, आणि जे झालं त्यात पाणी नुसतं राहत होतं.

तिनं दोन-तीन दिवस तेच पाणी प्यायलं. मला दाखवून प्यायची. मग उन्हं वाढली आणि तिनं फ्रिजमधली बाटली घ्यायला सुरुवात केली. मी स्वयंपाकघरात गेले की ती बाटली मागं सरकवायची, ते मला दिसायचं. शेवटी एक दिवस मीच बाटली काढून तिच्या हातात दिली. रांजणात तिनं तांदूळ भरले. किडं लागत न्हाईत, म्हणाली.

पावसाळ्यात तिला ताप आला. छातीत कफ झाला, दवाखान्यात ठेवलं, बरं वाटतंय म्हणून घरी आणलं, परत नेलं. ती गेली तेव्हा बाहेर उघडीप होती. बुद्धवंदना झाली, नातेवाईक आले, कोडोलीहून बायका आल्या. त्यातल्या एकीनं मला जवळ घेऊन सांगितलं, तुझी आई गावात सगळ्यांना सांगायची, माझ्या पोरीनं माझ्यासाठी रांजण केलाय, हातानं. त्या बाईला वाटलं मला बरं वाटेल. मी तिच्या खांद्यावर मान ठेवली, पण मला काही वाटत नव्हतं. अजूनही बहुतेक दिवस तसंच आहे.

गेल्या वर्षी मुंबईच्या बाईंचा फोन आला, फार वर्षांनी. आवाज थकलेला होता. कुणीतरी मोठं संग्रहालय उभं करतंय, त्यांना माझं बंद भांडं हवंय, जुनं असेल तर उत्तम, नसेल तर नवं कर, म्हणाल्या. जुनं एकही माझ्यापाशी राहिलं नव्हतं. नवं होणार नाही, असं सांगितलं आणि हातांचं सांगितलं. मग कुणाकडून तरी करवून घे, तू नुसतं समोर बसून सांग, आजकाल सगळे तसंच करतात, असं म्हणाल्या. ते मी आधीच एकदा करून बघितलं होतं, चांगल्या हाताचा एक कारागीर घेऊन. सांगायला गेले तेव्हा कळलं की कुठं थांबायचं ते मला ठाऊक नसायचं, बोटांना असायचं. हे फोनवर कसं सांगायचं? तब्येतीला जप, म्हणाल्या. तुम्ही पण, म्हटलं.

शेड मी मांडववाल्याला भाड्यानं दिली. भट्टी पाडायला लागली, त्याला जागा हवी होती. रुंद तोंडाची भांडी घरी आणली. काही पलंगाखाली आहेत, काही बाल्कनीत, एकात शेजारणीनं तुळस लावून दिली. सकाळी मी कोमट पाण्यात हात धरून बसते, बोटं सुटेपर्यंत. त्यानंतर चहा, पेपर, गोळ्या. संध्याकाळी घराजवळच्या तळ्याच्या बांधावर चालायला जाते. लोक भेटतात, काय चाललंय विचारतात. काही नाही, असं म्हटलं की त्यांना ते विनयानं बोलल्यासारखं वाटतं.

परवा मांडववाल्यानं बोलावलं होतं. फरशी धुतली की गटार तुंबतंय, पाणी जात नाही, कशानं तुंबतंय ते बघा, म्हणाला. गेले. आत लाल खुर्च्या छतापर्यंत रचलेल्या, गाद्या, कनाती, कापडी फुलांच्या कमानी. त्याचा माणूस गटारात गज घालून ढवळत होता. गजाला राखी, मऊ, लोण्यासारखी माती लागून वर येत होती. वर्षानुवर्षं हात धुतलेली, चाक धुतलेली माती, खाली साठून तशीच ओली राहिलेली. एवढी चांगली मुरलेली माती मला कामाला कधी मिळाली नव्हती. त्यानं ती गजावरनं झटकून भिंतीकडेला टाकली.

"एवढा चिखल कुठला आला म्हणायचा?" तो माणूस म्हणाला. "आधी काय हुतं हितं? गोडाऊन हुतं काय?"

"व्हय," मी म्हटलं. "गोडाऊनच होतं."